गावचं घर विकायच्या आधी घरीच डागडुजी कशी करावी: आधी पाणी, मग भिंती, रंग सगळ्यात शेवटी

आमचं आर्वी तालुक्यातलं गावचं घर दोन वर्षं विकायला काढून ठेवलं होतं. पुढचे खण मातीच्या भितीचे अन वर कवेलू (कौलं), मागं बाबांनी नंतर बांधलेली विटांची स्लॅबची खोली, मधात सांदवाडी म्हणजे मोकळी जागा, कोपऱ्यात न्हाणी अन संडास. भाऊ पुण्याला, मी वर्ध्याला, आई माझ्याकडे, म्हणजे घराले कुलूप. अन कुलूप लागलं की घर कसं बसत जाते ते ज्यानं पाहिलं त्यालेच माहीत.

पहिल्या वर्षी मी काय केलं तं जुलैत, भर पावसात, एक पेंटर धरला अन पुढच्या खोलीले मस्त गुलाबी रंग मारून घेतला, ११ हजार गेले. ऑगस्टात एक म्हातारा पाहुणा घर पाहायले आला. दाराशी चप्पल काढली, आत आला, पहिले वर आढ्याकडे पाहिलं, मग सरळ उकिडवा बसला अन भितीच्या बुडाशी अंगठ्याचं नख लावलं. पोळीएवढी गुलाबी पापडी निघून त्याच्या हातावर आली. "भितीले घाम काहून आला भाऊ?" एवढंच बोलला. चहा ठेवला होता, अर्धा कप तसाच टाकून गेला.

गावातला घेणारा माणूस रंग पाहतच नाही हे मले तेव्हा समजलं. तो वर पाहते अन बुडाले पाहते, म्हणजे पाणी वरून येते का आणि खालून चढते का. म्हणून दुसऱ्या वर्षी सगळं काम उलट्या क्रमानं केलं, बहुतेक स्वतःच्या हातानं, शनिवार-रविवार जाऊन. मिस्त्री फक्त चार दिवस लावला. तेच सविस्तर लिहितो, कोणाले कामी पडलं तं बरं.

हातोडी धरायच्या आधी

पहिले कागद पाहा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा कोणाच्या नावानं आहे, घरटॅक्स थकला आहे का, वडील वारले असतील तर सगळ्या वारसांची सहमती आहे का. बहिणीचा हिस्सा असतो हे आपल्याकडे रजिस्ट्रीच्या दिवशी आठवते, ते आधीच बोलून घ्या. नमुना ८ म्हणजे टॅक्स लावायची नोंद आहे, तेवढ्यानं मालकी सिद्ध होत नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोननं मोजणी सुरू झाली, तुमच्या गावात झाली असेल तर मालमत्ता पत्रक आणि सनद काढून ठेवा. कागदच अडकलेले असतील तर सिमेंटची एक बॅगही आणू नका.

मग एक वही घ्या आणि घर पाहा. नुसतं पाहा. एकदा पाऊस सुरू असताना, एकदा भर दुपारी. पावसात प्रत्येक खोलीत उभं राहून कुठून टपकते ते लिहा, बाहेर जाऊन पाणी कुठं साचते ते पाहा. दुपारी हातोडीच्या दांड्यानं प्लास्टर ठोकत जा, भरीव आवाज आला तं ठीक, डबडब वाजलं तिथं खडूनं गोल करा, तेवढं प्लास्टर भितीपासून सुटलेलं आहे. भेगा दिसतील तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारून तारीख लिहा. महिन्या-दोन महिन्यानं रेघेच्या पुढं भेग गेली असेल तर ती चालू भेग आहे, तिले नुसतं भरून काही होत नाही.

वहीत मी तीन रकाने केले होते: मी करीन, मिस्त्री करीन, आणि राहू दे. तिसरा रकाना महत्त्वाचा हाये बाप्पा. घर विकायचं आहे, आपल्याले राहायचं नाही.

वेळेचं गणित असं. कवेलू फेरायचे, म्हणजे काढून-झाडून परत नीट बसवायचे, ते मृगाच्या आधी, म्हणजे मे संपेपर्यंत. गळती शोधायची पावसात. माती, प्लास्टर, रंग हे दिवाळीनंतर. आपल्याकडे एप्रिल-मेमधी पारा ४५ च्या वर जाते, त्या उन्हात केलेलं सिमेंटचं काम पाण्याविना जळून जाते आणि जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. आणि कापसाचे पैसे हातात येतात तेव्हाच गावात घरं पाहणारे फिरतात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत घर तयार पाहिजे.

वरचं पाणी

कवेलूचं घर असेल तर सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. बारा वाजता खोलीची दारं-खिडक्या बंद करा, अंधार करा, आणि वर पाहा. जिथं जिथं उन्हाचा ठिपका दिसते तिथं फट आहे. आता खालून दिसते पण वर चढलेल्याले ते ठिकाण सापडत नाही, म्हणून आमच्या आईनं सांगितलेली युक्ती: तुराटीची लांब काडी घ्यायची आणि त्या फटीतून वर खुपसून ठेवायची. मी खालून बावीस काड्या खोवल्या, वरून पाहिलं तर छपरावर काड्याचं पीक उभं. एकेक काडी उपटत काम करत गेलो.

फेरताना वळचणीकडून सुरू करायचं आणि आढ्याकडे वर जायचं, म्हणजे वरचा कवेलू खालच्यावर चढतो आणि पाणी वरच्यावर निघून जाते. फुटलेले, तडकलेले काढा, नालीत साचलेला कचरा-माती झाडून घ्या, ती मातीच पाणी अडवते अन मग आत ढकलते. खालच्या कमच्या (बांबूच्या पट्ट्या) सडल्या असतील तर तेवढ्या बदला. कवेलूवर सरळ पाय देऊ नका. दोन फाट्यांवर (छपराच्या वाशांवर) आडवी फळी टाकून तिच्यावर बसून काम करा, सोबत खाली एक माणूस शिडी धरायले पाहिजेच. जुने कवेलू आता कोणी बनवत नाही म्हटलं तरी चालते, पण गावात कोणी ना कोणी घर पाडून स्लॅब टाकते, त्याच्याकडं ढीग पडलेला असते, दोनशे-तीनशे उचलून आणा. आढ्यावरचे कवेलू तेवढे चुना-रेतीत किंवा सिमेंटमधी पक्के बसवा, कारण वानर आढ्यावरूनच पळतात. वानराचं म्हणाल तर त्याच्यावर इलाज नाही. जांबाचं झाड छपराले लागून असेल तर फांद्या छाटा, तेवढीच उडी लांब पडते.

टिनाचा पत्रा असेल तर काम सोपं. गळती बहुतेक खिळ्याच्या भोकातूनच असते. हूकचा नट उघडा, डांबरी वायसर कडक होऊन फुटलेला असते, तो नवा टाका. नवीन भोक पाडायचं काम पडलं तर पत्र्याच्या उंच नळीवर पाडा, खोलगट भागात नाही, तिथून पाणी वाहते. दोन पत्र्यांची जोड वरखाली किमान सहा इंच एकमेकांवर पाहिजे. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर मात्र त्याले कापू नका, घासू नका, कोरडं भोक पाडू नका. जुन्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असते, त्याची धूळ छातीत गेली की परत निघत नाही. आणि त्याच्यावर उभंही राहू नका, तो सांगून फुटत नाही.

स्लॅबवर आधी झाडू मारा. खरंच, अर्धी गळती झाडूनं जाते. पानं साचून पाण्याचा पाइप बुजलेला असते आणि आख्खा पावसाळा स्लॅबवर डबकं. पॅरापिटच्या (कठड्याच्या) सांध्यात पिंपळ उगवला असेल तर वरून तोडू नका, सांधा खोदून मुळी काढा, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा हजर. मग पाइपले कापड कोंबून दीड-दोन इंच पाणी चोवीस तास भरून ठेवा आणि खालून पाहा कुठं ओलं होते. स्लॅब खालून झोळ खाल्लेली दिसत असेल तर हे बिलकुल करू नका, त्या पाण्याचंही वजन असते.

बारीक भेग सापडली की छन्नीनं इंग्रजी व्ही सारखी खाच पाडा, ब्रशनं धूळ काढा, ओली करा, आणि सिमेंट-रेतीत वॉटरप्रूफिंगचं दुधासारखं लिक्विड मिसळून दाबून भरा. सात दिवस पाणी मारा. सुकल्यावर वरून अॅक्रिलिक वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात, पहिला उभा तर दुसरा आडवा, मधात भेगेवर जाळीची पट्टी. खालून पोपडे पडून सळाखी दिसत असतील तर सैल झालेलं काँक्रीट पाडा, तारेच्या ब्रशनं गंज घासा, गंजरोधक लावा आणि मगच मसाला. पण सळाख बोटानं चुरते किंवा निम्मी झाली असं दिसलं तर थांबा अन इंजिनिअर बोलवा. आमच्या एका कोपऱ्यात तसं होतं, मी हात लावला नाही, ते काम चार दिवसाच्या मिस्त्रीनं इंजिनिअरले दाखवून केलं.

खालचं पाणी

आता माझ्या गुलाबी भितीची गोष्ट. ती भित मातीची, पण बाबांनी कधीतरी बुडाचे तीन फूट सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं होतं, मजबूत व्हावं म्हणून. मातीची भित जमिनीतला ओलावा ओढते आणि वाऱ्यावर सोडून देते, तशीच ती शंभर वर्षं उभी राहते. बाहेरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडली, आतली माती भुसभुशीत झाली, सिमेंट पापुद्र्यासारखं वेगळं झालं, आणि त्याच्यावर मी रंग मारला. भितीले घाम येणार नाही तं काय येईल.

तुमच्या भितीची ओल भितीतून येते की हवेतली आहे हे पाहायची सोपी तऱ्हा म्हणजे एक फूट बाय एक फूट प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूनं टेपनं भितीले चिकटवा, दोन दिवसांनी पाहा. प्लास्टिकच्या भितीकडच्या अंगाले थेंब असतील तर पाणी भितीतून येऊन राहिलं. खोलीकडच्या अंगाले ओलं असेल तर ती नुसती हवेतली दमट आहे, खिडकी उघडी ठेवा म्हणजे झालं.

भितीतून येत असेल तर पहिलं काम घराबाहेर आहे. पाणी भितीपासून दूर पळवा. आमच्या न्हाणीचं पाणी वीस वर्षं मागच्या भितीच्या बुडाशी मुरत होतं, तीन इंची पाइप टाकून पंधरा फूट लांब शोषखड्ड्यात नेलं, एक दिवसाचं काम. वळचणीचं पाणी भितीले लागून पडत असेल तर तिथं घराभोवती दोन-अडीच फुटाची पट्टी करा: काळी माती अर्धा फूट काढून फेका, मुरूम भरा, पाणी मारून धुम्मसनं ठोका, वरून कोबा किंवा शहाबादी फरशी, आणि उतार बाहेरच्या बाजूले, तीन फुटाले एक इंच तरी. दिसायले साधं काम आहे, पण काळ्या मातीवरच्या घराले हे औषधच समजा. काळी कपाशीची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते, पायव्याले खालीवर करते. पायव्याजवळ पाणी कमी गेलं की तिचं फुगणं-आटणंही कमी होते.

मग ओली भित. मी तीन फुटाचं सगळं सिमेंट पाडलं, आतली भुसभुशीत माती खरवडून काढली आणि डिसेंबरपर्यंत भित तशीच उघडी टाकली. लोकं म्हणाले घर विकायचं की पाडायचं? पण सुकल्याशिवाय काही लावणं म्हणजे पुन्हा ११ हजार.

भिंतीवर पांढरी मिठासारखी भुकटी दिसते, तो लोना. कोरड्या ब्रशनं झाडून काढा, पाण्यानं धुवू नका, पाण्यात विरघळून ते पुन्हा आत जाते. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी तर बोअरचं खारं पाणी मसाल्यातही टाकू नये आणि क्युरिंगलेही वापरू नये, लोना पुन्हा फुटते आणि स्लॅबमधल्या सळाखी गंजतात. नळाचं गोडं पाणी ड्रममधी भरून ठेवा.

भिती

मातीच्या भितीले मातीच. गावठाणातली पांढरी माती आणा, काळी चालत नाही, ती सुकली की तडकते. जाळीनं चाळून घ्या, चार घमेल्याले एक घमेलं गव्हाचं कुटार (भुसा), पाणी टाकून आळं करून पाच-सहा दिवस भिजू द्या आणि रोज पायानं तुडवा. कुटार कुजून वास सुटते, तो सुटलाच पाहिजे, मग गारा (कालवलेली माती) लोण्यासारखा होते. शेवटच्या दिवशी शेण टाका. भित शिंपडून ओली करा, गोळा जोरात फेकून मारा म्हणजे धरते, मग थापीनं सारखं करा. एकदम जाड थर नको, दोन पातळ हात द्या, पहिला सुकल्यावर दुसरा. पहिल्या हातात बारीक तडे जातातच, घाबरू नका, दुसरा हात त्यात बसते. मले पहिल्या दिवशी एक भितही सरळ झाली नाही, शेजारची काकू कुंपणावरून पाहत होती, शेवटी ती स्वतः येऊन अर्धी भित करून गेली आणि जाताना म्हणाली, "थापी सोड, हातानं कर." तिचं खरं होतं.

विटांच्या भितीले सिमेंट. डबडब वाजणारं प्लास्टर चौकोनी कापून काढा, कडा सरळ, विटांच्या सांध्यातला मसाला अर्धा इंच खरवडा, झाडा, रात्री पाणी मारून ठेवा. आतून एकास सहा, म्हणजे एक भाग सिमेंटले सहा भाग रेती, बाहेरून एकास चार. एकास चारच्या अर्धा इंची प्लास्टरले शंभर चौरस फुटाले साधारण ५० किलोची एक बॅग लागते, त्या हिशेबानं आणा. पाणी टाकल्यावर अर्ध्या तासात संपेल एवढाच मसाला कालवा, उरलेल्यात पुन्हा पाणी टाकून वापरणं म्हणजे राख थापणं. किमान सात दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ पाणी मारा, ऊन असेल तर ओली बारदान्याची पोती लटकवा.

सिमेंट घेताना बॅगवर कितव्या आठवड्यातलं, कोणत्या वर्षाचं ते छापलेलं असते, ते वाचा. तीन महिन्याच्या वरचं घेऊ नका. मी एका दुकानातून डोळे झाकून दोन बॅगा आणल्या, घरी फोडल्या तर आत बोराएवढे खडे, दुकानदार म्हणे चाळून घ्या की. चाळून मी फुलझाडाचा वटा केला, भितीले नाही वापरलं. रेतीची परीक्षा घरीच होते: बाटलीत अर्धी रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ, हलवून दोन-तीन तास ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तं रेती मातकट, धुऊन घ्या नाहीतर परत करा. कन्हान किंवा वर्धा नदीची म्हणून जी विकतात ती सगळी तिथलीच असते असं नाही.

भेगांचं म्हणाल तर केसासारखी भेग क्रॅक फिलरनं भरून टाका. करंगळी जाईल एवढी, विटांच्या सांध्यातून पायऱ्यापायऱ्यानं चढत गेलेली, किंवा दाराचा पल्ला चौकटीत अडकायला लागलेला, हे पायव्याचं दुखणं आहे, लिंपायचं काम नाही. आणि काळ्या मातीवरची भेग मेमधी रुंद होते, ऑगस्टात मिटते, म्हणून भर उन्हाळ्यात कडक सिमेंट कोंबलं तर पावसात भित त्याच्यावर दाबते. दिवाळीनंतर, लवचिक फिलरनं भरा.

लाकूड आणि उधई (वाळवी)

जुन्या घरातलं सागवान म्हणजे घराची अर्धी किंमत. मेळघाट, आलापल्लीचं लाकूड त्या काळात कुठं कुठं पोचलं होतं. काही लोकं घर घेतातच लाकडासाठी. म्हणून दार, खांब, म्याल (आडवी तुळई) किमतीत आहेत की नाहीत हे पहिल्याच बोलण्यात ठरवा, आणि काढून दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर वनखात्याकडे आधी विचारा.

सागवानी दाराले ऑइलपेंट फासू नका. जुना रंग खरवडा, आधी जाड मग बारीक पॉलिश पेपर, आणि जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात चिंधीनं चोळा, जास्तीचं पुसून घ्या. आमच्या पुढच्या दाराखालून असा काही रंग निघाला की माझंच मन झालं घर विकू नये. पण एक ध्यानात ठेवा, जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून उन्हात वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका. करकरणाऱ्या कब्ज्यात दोन थेंब तेल, ढिल्या स्क्रूच्या भोकात काडेपेटीची काडी अन फेविकॉल घालून स्क्रू परत कसा, दार सरळ.

उधई लागली असेल तर आधी स्क्रूड्रायव्हरनं चौकटीचं बूड टोचा. आत गेला तर तेवढं लाकूड बदलावं लागेल. बाकी ठिकाणी मातीचे बोगदे तोडा, आणि क्लोरपायरीफॉस २० ईसी हे कीटकनाशक एक लिटर १९ लिटर पाण्यात मिसळून भितीच्या बुडाशी फुटाफुटावर भोक पाडून सोडा. कृषी केंद्रावर मिळते म्हणून हलक्यात घेऊ नका. २०१७ मधी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती माणसं गेली ते आपण पाहिलं. हातमोजे, तोंडाले मास्क, पूर्ण बाह्या, लेकरं-ढोरं दूर, आणि विहिरीजवळ बिलकुल नाही.

लाईट, नळ, संडास

लाईटचं थोडक्यात. स्विच, होल्डर, पंखा बदलणं घरी करता येते, मेन बंद करून आणि टेस्टर लावून खात्री करूनच. नवी वायर ओढणं, बोर्ड हलवणं, अर्थिंग हे लायसनवाल्या वायरमनकडून. उंदरानं कुरतडलेली, टेपनं बांधलेली वायर टिनाजवळून जात असेल तर ते पहिले करा, ओल्या टिनात करंट उतरून माणसं गेलेली आहेत. ३० मिलिअॅम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या, दाखवायलेही बरं दिसते. महावितरणचं थकलेलं बिल भरून पावती फायलीत लावा.

टपकणाऱ्या तोटीले नवी तोटी लागत नाही, पाच-दहा रुपयाचा वायसर लागते. आट्यावर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यासारखी गुंडाळा, उलटी गुंडाळली तर कसताना निघून येते.

संडास स्वच्छ ठेवा, कडी लावा, दार नीट करा. बाईमाणूस घर पाहायले आलं की पहिले तिथंच डोकावते अन तिचंच खरं असते. दोन खड्ड्याचा संडास असेल तर एक भरल्यावर मधातल्या चेंबरमधून दुसऱ्याकडं वळवा. भरलेला खड्डा उघडून आत उतरू नका, कोणालेही उतरवू नका, आत गॅस असते, वाकून पाहणाराही जाते.

रंग, आता कुठं

भित पूर्ण कोरडी, पुन्हा प्लास्टिकचा तुकडा लावून पाहिलेली. मातीच्या भितीले चुना किंवा सारवणच. चुन्याची डल्ली पाण्यात हळूहळू टाका, डल्लीवर पाणी ओतू नका, उकळून अंगावर उडते आणि डोळ्यात गेला तर डोळा जाते. एक दिवस मुरू द्या, कापडातून गाळा, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ. पातळ तीन हात द्या. ओला असताना फिकट दिसते, सुकल्यावर उजळते, म्हणून पहिल्या हाताले घाबरून जाड करू नका.

प्लास्टरच्या भितीले घासून, प्रायमर, गरज तिथं पुट्टी, १८० नंबरचा पेपर, आणि डिस्टेंपरचे दोन हात. रंग पांढरा, साय, फार तर फिकट पिवळा. गुलाबी नको, अनुभवाचं बोलतो. बाहेर खाली दोन फुटाची गेरूची पट्टी ओढली की घर एकदम उठून दिसते.

मॉड्युलर किचन, नव्या टाइल्स, पीओपीचं छत असलं काही करू नका. खेड्यात त्याचे पैसे निघत नाहीत आणि घेणारा म्हणते हे आम्ही तोडूच.

आणि लपवू नका. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम ५५ सांगते की जो मोठा दोष विकणाऱ्याले माहीत आहे आणि घेणाऱ्याले साध्या पाहणीत सापडणार नाही, तो विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे. मी वहीच दाखवली. हे केलं, हे मिस्त्रीनं केलं, ही उत्तरेची भेग राहू दिली, हिच्यावर तारखा पाहा, नोव्हेंबरपासून सरकली नाही. सगळं मिळून ३८ हजार लागले होते, त्याच्या पावत्याही त्याच फायलीत.

फेब्रुवारीत तोच म्हातारा परत आला, या वेळी पोराले घेऊन. तसाच उकिडवा बसला, तेच नख, त्याच भितीले. थोडी पांढरी माती नखात आली ती त्यानं बोटानं चुरून पाहिली, पोराले म्हणाला, "कोरडी हाये." या वेळी चहा पूर्ण पिला, भाव मात्र अर्धा तास करत राहिला.

ताबा द्यायच्या दिवशी मीटरचं रीडिंग फोटो काढून ठेवा, उरलेला रंग डब्यावर खोलीचं नाव लिहून तिथंच ठेवा. आणि राहिलेले कवेलू विकू नका, सांदवाडीत रचून घेणाऱ्याले देऊन टाका. घर त्याचं झालं तरी वानर तेच राहतात.